हातांतलें काम आणि कानांतला नाद

गेल्या वैशाखांत एका खासगी दप्तरांतील कांहीं मोडी कागद बाळबोध करण्याचें काम बरोबर घेऊन प्रस्तुत लेखक तोरणमाळास जाऊन राहिला होता. सातपुड्याच्या माथ्यावरचें हें पठार नंदुरबार जिल्ह्याच्या अक्राणी तालुक्यांत, समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार फुटांहून अधिक उंचीवर आहे. खालीं शहाद्याकडे, तापीच्या खोऱ्यांत, त्या दिवसांत जमीन तव्यासारखी तापलेली असते. सात पायरीचा घाट चढून वर आलें म्हणजे यशवंत तलावावरून येणारा वारा अंगाला लागतो आणि आपलें डोकें पुन्हां जागेवर आल्यासारखें वाटतें. निवांतपणासाठीं येथें आलों खरा. परंतु शहरांतल्या संवयी माणसाबरोबर घाट चढतात. इअरफोन बरोबर होते, आणि मोबाईलमध्यें दोनएकशें गाणीं सांठविलेलीं होतीं. अलीकडे घरीं, कचेरींत, वाचनालयांत, जेथें पाहावें तेथें लोक कानांत कांहींतरी घालून कामाला बसलेले दिसतात. मुलें गणितें सोडवितांना गाणें लावतात, हिशेबनीस हिशेब करतांना लावतात. कां, म्हणून विचारलें तर त्यानें चित्त कामावर राहतें असें सांगतात. मीही तेंच सांगत असें.

तिसऱ्या दिवशीं आपलेंच बाळबोध मूळ कागदाशीं ताडून पाहतांना एका खर्चाच्या यादींत 'चावडी खर्च' असा शब्द असावयास पाहिजे, तेथें माझ्याच अक्षरांत 'चांदणें खर्च' असें लिहिलेलें आढळलें. एखाद्या गांवानें चांदण्यावर सव्वातीन रुपये खर्च केल्याची ही नोंद तशीच छापली गेली असती तर महाराष्ट्राच्या आर्थिक इतिहासांत तिनें मोठी खळबळ उडविली असती, यांत शंका नाहीं. तें चांदणें कोठून आलें हें शोधावयास फार श्रम पडले नाहींत. त्या वेळीं कानांत जें भावगीत चाललें होतें, त्यांतलें तें होतें. आश्चर्य वाटलें तें निराळ्याच गोष्टीचें. आदल्या दिवशीं, अगोदरच वाचून ठेवलेल्या वीसएक पानांची स्वच्छ नक्कल करतांना हींच गाणीं वाजत होतीं; तेथें एकही शब्द चुकला नव्हता, उलट काम नेहमींपेक्षां लवकर उरकलें होतें. तेंच गाणें, तोच कान, तोच हात. मग एका दिवशीं गुण आणि दुसऱ्या दिवशीं अवगुण, हें कसें? या एका चुकीच्या मागें लागून जें कांहीं वाचलें, पाहिलें आणि आठवलें, तें वाचकांपुढें ठेवतों.

काम करतांना गाण्याची चाल आपल्याकडे किती जुनी, याचा एक लेखी पुरावा सुदैवानें शिल्लक आहे. कल्याणीच्या चालुक्यांपैकीं राजा तिसरा सोमेश्वर यानें इ. स. ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' ऊर्फ 'अभिलषितार्थचिंतामणि' नांवाचा संस्कृत ग्रंथ रचला. ग्रंथकर्ता राजा असल्यामुळें त्यांत हत्ती आहेत, रत्नें आहेत, पाकशाळा आहे, मल्लविद्या आहे; आणि गीतांच्या प्रकरणांत, महाराष्ट्रांत स्त्रिया कांडतांना ओवी गातात, असा एक लहानसा उल्लेख आहे. ज्ञानेश्वरीच्या दीडशें वर्षांहून अधिक आधींचा हा उल्लेख. ओवीचा इतिहास लिहिणाऱ्यांनीं त्याची वारंवार दखल घेतली आहे, पण ती बहुधा छंदाच्या दृष्टीनें. माझी नजर खिळली ती दुसऱ्याच शब्दावर. कांडण! एका उखळांत दोघींचीं मुसळें आळीपाळीनें पडूं लागलीं म्हणजे एकीचें मुसळ वर जावें त्या क्षणीं दुसरीचें खालीं यावें लागतें. ठेका चुकला तर मुसळावर मुसळ आदळणार. अशा कामांत गाणें हें करमणुकीचें साधन नव्हे. उखळ आणि मुसळ यांच्याइतकेंच तें एक अवजार आहे.

जात्याची गोष्ट यापेक्षां अधिक उद्बोधक आहे. दळण पहाटेचें काम. खालची तळी स्थिर, वरची पाळू फिरती, मध्यें मेख, कडेला लांकडी खुंटा. एका हातानें मूठ मूठ दाणे जात्याच्या तोंडांत वैरावयाचे आणि दुसऱ्या हातानें खुंटा ओढावयाचा. दोघी समोरासमोर बसल्या म्हणजे दोघींचे हात त्याच खुंट्यावर. दाणे अधिक वैरले तर पीठ भरड पडतें, कमी वैरले तर दगडावर दगड घासून पिठांत कच उतरते, आणि दोघींचें बळ एका गतीनें लागलें नाहीं तर जातें अडखळतें. तेव्हां या कामाला लक्ष लागत नाहीं असें नव्हे. पण तें लक्ष एकदां हातांना शिकविलें म्हणजे पुढें हातच तें सांभाळतात, आणि त्यांना सांभाळावयास ओवीची चाल असते. हात ओवीच्या स्वाधीन झाले कीं मन मोकळें होतें. मोकळें झालेलें हें मन कोठें जातें, हें पाहावयाचें असेल त्यानें ओव्यांचे संग्रह उघडावे. तें माहेरीं जातें. भावाची वाट पाहतें. सासूचें उणें काढतें. पंढरीच्या वाळवंटांत जातें. सीतेच्या वनवासांत जाऊन रडतें. जात्याला देव मानून हांक मारणाऱ्या ओव्या आहेत, नाहींत असें नाहीं, परंतु सुपांत किती दाणे उरले याची चौकशी त्यांत क्वचितच आढळेल. 'गाण्यानें चित्त कामावर राहतें' हें आजचें समर्थन दळणाऱ्या बाईला सांगितलें असतें तर ती हंसली असती. तिच्या गाण्याचा उपयोग नेमका उलट होता. हात कामावर ठेवून चित्ताला कामांतून सोडवून नेणें, हा तो उपयोग.

हें धन गोळा करणाऱ्यांत आपल्या खानदेशाशीं संबंध आलेले साने गुरुजी अग्रभागीं आहेत. अमळनेरला शिक्षक असलेल्या गुरुजींनीं ठिकठिकाणच्या स्त्रियांकडून ओव्या मिळवून 'स्त्रीजीवन' हा संग्रह इ. स. १९४० च्या सुमारास प्रसिद्ध केला. कमलाबाई देशपांडे यांचें 'अपौरुषेय वाङ्मय' १९४८ सालचें. त्यानंतर विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनीं गांवोगांव सहकारी उभे करून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांतील पुष्कळांचें ध्वनिमुद्रणही झालें आहे. त्या मुद्रणासाठीं कित्येक स्त्रिया पुन्हां जात्यावर येऊन बसल्या. जात्यावांचून ती चाल धरावी तरी कशी?

खानदेशांत जात्याला घरोट म्हणतात. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांची घरोटावर एक कविता आहे, ती वाचकांस ठाऊक असेलच. त्यांना लिहितां वाचतां येत नव्हतें. घरांत आणि शेतांत काम करतां करतां त्या रचीत, आणि मुलगा सोपानदेव व घरचीं इतर माणसें तें उतरून घेत; संग्रह निघाला तो त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ सालीं. हातांत लेखणी नसतां इतकी कविता कशी झाली, याचें नवल पुष्कळांनीं केलें आहे. हात घरोटावर गुंतलेले असल्यामुळेंच मन रिकामें राहिलें, असें तर नसेल? अर्थात् हें म्हणतांना निरक्षरतेचें किंवा दळणाचें मंडन करण्याचा हेतु नाहीं. रात्र सरण्यापूर्वीं उठून घरच्या दहा माणसांचें पीठ काढणाऱ्या बाईला तिची इच्छा कोणी विचारली नव्हती. पिठाची गिरणी गांवांत आली तेव्हां ओव्या गेल्या म्हणून हळहळणारे बहुतेक पुरुषच होते. ज्यांचे खांदे सुटले त्यांनीं हळहळ केल्याचें फारसें ऐकिवांत नाहीं.

पुरुषांच्या कामांतही हाच प्रकार होता. मोट हांकतांना बैल धावेवरून खालीं उतरतात, नाडा ताणला जातो, मोट भरून वर येते आणि थारोळ्यांत रिती होते. मग बैलांना उलट्या पावलीं मागें आणावयाचें. मोटकऱ्याचें गाणें उतारावर चढतें आणि परतीच्या वाटेवर बैलांशीं बोलण्यांत विरतें. पिकाच्या कापणीला भलरी होती. जर्मनींतील लाइप्त्सिकचे अर्थशास्त्रज्ञ कार्ल ब्यूखर यांनीं देशोदेशींचीं अशीं श्रमगीतें जमवून १८९६ सालीं 'श्रम आणि लय' अशा अर्थाच्या नांवाचा एक ग्रंथ लिहिला, आणि काव्य व संगीत यांचा उगमच शारीरिक श्रमांच्या लयींत आहे असा सिद्धांत मांडला. सिद्धांत म्हणून तो मला एकांगी वाटतो. देवापुढें नाचणाऱ्या आणि मूल निजविणाऱ्या माणसाला त्यांत पुरेशी जागा नाहीं. पण त्यांचें एक निरीक्षण मार्मिक आहे. लय लागली म्हणजे शरीराची हालचाल आपोआप होऊं लागते, प्रत्येक वेळीं मनानें आज्ञा करण्याचें कारण राहत नाहीं, आणि श्रमांत जें मनाला थकवितें तें मुख्यतः हें पुनःपुन्हां आज्ञा करणेंच होय.

इतकें टिपून झाल्यावर एके दुपारीं जवळच्या एका पाड्यावर गेलों. अक्राणीच्या डोंगरांत आंबा पुष्कळ. कैऱ्या उतरवून, सालें काढून, फोडी करून त्या उन्हांत वाळवावयाच्या आणि तो आमचूर बाजारांत न्यावयाचा, हें येथील पावरा व भिल्ल कुटुंबांचें उन्हाळ्यांतलें मोठें काम. एका अंगणांत चार बायका कैऱ्यांच्या ढिगाभोंवतीं सुऱ्या घेऊन बसल्या होत्या. पडवीच्या खांबाला एक मोबाईल टेकवून ठेवला होता आणि त्यांतून ढोलाच्या ठेक्यावरचें कुठलेंसें लग्नांतलें गाणें मोठ्यानें चाललें होतें. बायका त्या गाण्याहून वरच्या आवाजांत एकमेकींशीं बोलत होत्या; गाणें कोणासाठीं लावलें होतें हें शेवटपर्यंत कळलें नाहीं. त्यांतल्या सर्वांत वयस्क बाईला, बरोबरच्या मुलाच्या तोंडून, मीं विचारलें, "आजी, कैऱ्या चिरतांना तुम्ही पूर्वीं कोणतीं गाणीं म्हणत होतां?" तिनें माझ्याकडे अशा नजरेनें पाहिलें कीं, प्रश्न मुलानें नीट पोंचविला नाहीं कीं काय, अशी मला शंका आली. मग ती म्हणाली, "याला कसलें गाणें? गप्पा आहेत कीं." लग्नाला गाणें आहे, होळीला आहे, दळायला होतें, कैरीला नाहीं.

हें उत्तर ऐकून प्रथम थोडी निराशा झाली, हें कबूल केलें पाहिजे. जुन्या काळचीं माणसें उठतां बसतां गातच होतीं, अशी आपण शहरांत बसून एक समजूत करून घेतलेली असते. परंतु विचार केला तेव्हां म्हातारीचें म्हणणें पटलें. चौघी एकाच ढिगाभोंवतीं बसलेल्या असल्या तरी चौघींच्या सुऱ्या आपापल्या गतीनें चालतात. एकीची कैरी लहान, दुसरीची मोठी, तिसरीची किडलेली. उखळांतल्या मुसळांसारखी त्यांना एका ठेक्याची गरज नाहीं, आणि जातें ओढण्यासारखा दमही लागत नाहीं. तोंड रिकामें, दम भरपूर, समोर ऐकणारी शेजारीण. अशा ठिकाणीं गप्पांपुढें गाण्याचा काय पाड! सर्व कामांना गाणें नव्हतें. ज्या कामाला लयीची गरज होती, त्यालाच तें होतें. निघतांना पडवीच्या टोकाशीं एक जातें दिसलें. त्याची वरची पाळू काढून भिंतीला उभी केलेली होती.

मुंबईची पहिली कापडगिरणी १८५६ सालीं चालूं झाली, आणि कामाची लय कामगाराच्या अंगांतून निघून यंत्रांत गेली. साचेखात्यांत शेंकडों माग एकदम चालूं असतां शेजारच्या माणसाचें बोलणेंही ऐकूं येत नसे. कामगार खुणांनीं आणि ओठांवरून एकमेकांचें म्हणणें ओळखीत. कोंकणांतून आणि घाटावरून आलेल्या या माणसांचीं गाणीं संपलीं नाहींत, परंतु तीं कामांतून उठून चाळींत गेलीं. भजनें रात्रीं, शाहिरी मैदानांत, तमाशा सुटीच्या दिवशीं. काम आणि गाणें यांची जी फारकत आज आपल्याला स्वाभाविक वाटते, तिचें वय आपल्या देशांत पावणेदोनशें वर्षेंही भरत नाहीं.

गंमत अशी कीं, कारखान्यानें गाणें हांकलून दिलें आणि पुढें कारखान्यानेंच तें परत बोलाविलें. पण या वेळीं नोकरीवर! इंग्लंडांत कारखान्यांतील कंटाळा आणि थकवा यांचा अभ्यास करणाऱ्या वायट आणि लँग्डन यांनीं, एकसुरी कामाच्या मध्यें ठराविक वेळ संगीत लावलें तर माल अधिक निघतो, असें १९३७ सालीं नोंदविलें. तीन वर्षांनीं महायुद्धांत दारूगोळ्याच्या कारखान्यांवर रात्रंदिवस ताण पडूं लागला, तेव्हां बी. बी. सी. नें २३ जून १९४० पासून 'म्युझिक व्हाइल यू वर्क' हा कार्यक्रम चालूं केला. दिवसांतून दोनदां अर्धा अर्धा तास, आणि पुढें रात्रपाळीसाठीं आणखी एकदां. हा कार्यक्रम १९६७ पर्यंत टिकला. वाजविणाऱ्यांना नियम घालून दिलेले होते. चाल ओळखीची असावी, लय मध्येंच बदलूं नये, यंत्रांच्या आवाजांत बुडून जाईल इतका सूर हळू होऊं नये. 'डीप इन द हार्ट ऑफ टेक्सस' हें त्या काळचें एक अतिशय लोकप्रिय गाणें या कार्यक्रमांत वर्ज्य ठरविण्यांत आलें. त्यांत मधूनमधून टाळ्या होत्या; त्या आल्या कीं कामगार हातांतलें काम टाकून टाळ्या वाजवितील, किंवा हत्यारांनींच ताल धरतील, ही भीति. अमेरिकेंत म्युझॅक कंपनीनें पुढें ही विद्या आणखी बारीक केली. पंधरा मिनिटें हळूहळू उत्तेजक होत जाणारें संगीत, मग पंधरा मिनिटें स्तब्धता, असा तिचा क्रम असे.

त्या वर्ज्य गाण्याची हकीकत मला फार बोलकी वाटते. कांडणाऱ्या बाईचें गाणें हाताला लागलें तर तो त्याचा गुण. कारखान्यांतल्या बाईचें गाणें हाताला लागलें तर तो गुन्हा. गाण्यानें हात हलतात, हें दोन्ही ठिकाणीं एकच सत्य आहे. फरक इतकाच कीं, एका ठिकाणीं हातांची गति गाणाऱ्याची आणि दुसऱ्या ठिकाणीं ती अगोदरच ठरलेली. आणि दळणारीनें आज कोणती ओवी म्हणावी हें तिला कोणी बाहेरून ठरवून देत नव्हतें, कीं तिच्या ओव्यांनीं पीठ किती वाढलें याची मोजदाद कोणी ठेवीत नव्हतें. सासू अंथरुणावर पडून सुनेच्या ओवींतला टोमणा मुकाट्यानें ऐकत असे, अशाही गोष्टी जुन्या बायका सांगतात. कारखान्याच्या भिंतीवरील कर्ण्याला असा टोमणा कोण मारूं देणार? आज कानांतल्या यंत्रामुळें निवड पुन्हां ज्याची त्याच्या हातीं आली आहे, असें म्हणतात. तें कांहीं अंशीं खरें आहे. 'एकाग्रतेसाठीं' म्हणून आयत्या लावून दिलेल्या गाण्यांच्या माळा ऐकतांना मात्र मला पुष्कळदां तो कर्णा आठवतो.

तोरणमाळास येऊन गोरखनाथाच्या देवळांत न जाणें शक्य नव्हतें. महाशिवरात्रीला येथें मोठी यात्रा भरते. खानदेशांतून आणि पलीकडच्या मध्यप्रदेशांतून लोक येतात. गोरक्षनाथांनीं या पठारावर तप केलें अशी श्रद्धा आहे, आणि मच्छिंद्रनाथांची म्हणून एक गुंफाही दाखवितात. वैशाखांतल्या संध्याकाळीं तेथें चारदोन माणसें होतीं. पायरीवर बसलों असतां, नाथपंथाचें कानाशीं किती विलक्षण नातें आहे, हें प्रथमच मनांत आलें. कान फाडून त्यांत कुंडलें घालणारे म्हणून यांना कानफाटे म्हणतात. आणि आमचा सध्यांचा विषय, म्हणजे मन स्थिर करण्यासाठीं कानानें नाद ऐकणें, ही तर या पंथाची एक मुख्य साधना! पंधराव्या शतकांतील स्वात्माराम हा नाथपरंपरेंतला ग्रंथकार. आपल्या 'हठप्रदीपिके'च्या चौथ्या उपदेशांत तो सांगतो कीं, ज्यांना तत्त्वाचा बोध होणें कठीण अशा अनाडी माणसांनाही चालेल अशी नादोपासना गोरक्षनाथांनीं सांगितली आहे. (हें वाचून प्रस्तुत लेखकास थोडा धीर आला.) पुढें त्यानें रीति दिली आहे. कान, डोळे, नाक, तोंड बंद करून आंतला नाद ऐकावयाचा. प्रथम समुद्रासारखे, मेघासारखे, भेरीसारखे मोठे आवाज येतात. मग मृदंग, शंख, घंटा यांसारखे. आणि शेवटीं किंकिणी, बांसरी, वीणा, भ्रमर यांसारखे सूक्ष्म. मध पिणाऱ्या भुंग्याला जशी सुगंधाची पर्वा नसते, तसें नादांत गुंतलेलें चित्त विषयांची इच्छा करीत नाहीं. मन हा मत्त हत्ती, तर नाद हा त्याचा अंकुश; मन हें हरिण, तर नाद हें त्याला धरणारें जाळें.

म्हणजे कान बंद करून नादानें मनाला बांधण्याची कल्पना आजची नव्हे. बोटांनीं कान मिटणारा नाथजोगी आणि रबरी बोंडांनीं कान मिटणारा हिशेबनीस यांच्यांत बाह्यतः फारसा भेदही नाहीं! पण जोग्यानें त्या वेळीं हातांतलें सर्व काम टाकलेलें असतें. नाद हेंच त्याचें काम. मोठ्या नादाकडून सूक्ष्म नादाकडे जाण्यासाठीं त्याला आपलें सगळें अवधान खर्चावें लागतें, आणि त्या अवधानांत खर्चाच्या यादीला जागा नाहीं. दळणारीचे हात बांधलेले आणि मन मोकळें. जोग्याचें मन बांधलेलें आणि हात मोकळे. महाराष्ट्रांत हीं दोन टोकें एका ठिकाणीं भेटलीं, हाही एक योगायोग म्हणावा. गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ या परंपरेंतून आलेल्या ज्ञानेश्वरांनीं १२९० मध्यें गीतेवरील टीका लिहिली, तिच्या सहाव्या अध्यायांत नाथपंथाचें योगरहस्य उलगडलें, आणि त्यासाठीं छंद घेतला तो ओवी! ग्रंथांतली ओवी आणि कंठांतली ओवी यांच्या रचनेंत भेद आहे, हें अभ्यासकांनीं दाखविलें आहे. तरी नांव तेंच आहे, आणि तें उखळापासून आलेलें आहे.

आतां माझ्या चांदण्याकडे वळतों. १९७६ सालीं कॉल आणि वेल्श या दोघा अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं लोकांना अक्षरें वाचून लक्षांत ठेवावयास सांगितलीं आणि त्या वेळीं त्यांच्या कानांवर, त्यांना न समजणाऱ्या परक्या भाषेंतला उतारा पडूं दिला. आवाजाकडे दुर्लक्ष करा, असें बजावलेलें असूनही चुका वाढल्या. म्हणजे शब्दांचा अर्थ कळो न कळो, मानवी बोलणें कानांतून आंत शिरतें आणि मनांत शब्द धरून ठेवण्याची जी जागा आहे, तेथें गर्दी करतें. १९८९ सालीं सालामे आणि बॅडली यांनीं हाच प्रयोग संगीतावर करून पाहिला. गायिलेल्या गाण्यानें, नुसत्या वाद्यांच्या संगीतापेक्षां अधिक व्यत्यय येतो असें त्यांना आढळलें. डोळ्यांनीं वाचलेलें अक्षरही मन आंतल्या आंत उच्चारून ठेवतें, असा याचा अर्थ. वाचणें हें एक प्रकारचें ऐकणेंच आहे.

मोडी वाचणाऱ्याला हें सांगावयास कोणी मानसशास्त्रज्ञ नको होता. मोडींत शब्द तोडून लिहीत नाहींत; लेखणी फारशी न उचलतां ओळ पुढें धांवते. ती वाचतांना मनांतल्या मनांत पुटपुटत, हा शब्द कोठें संपला आणि पुढचा कोठें सुरू झाला, हें डोळ्यापेक्षां कानानेंच ठरवावें लागतें. 'चा' दिसला, त्यापुढचें अक्षर पुसट होतें, आंतला कान पुढच्या उच्चाराची वाट पाहत होता, आणि बाहेरच्या कानानें तो आयता आणून दिला. नक्कल करतांना असें झालें नाहीं, कारण तेथें वाचण्याचें काम अगोदरच संपलेलें होतें. उरलें होतें तें हाताचें, बहुतांशीं जात्यासारखें. त्या दिवशीं माझेंही मन कागदावर नव्हतें. तें त्या भावगीताबरोबर कोठें कोठें हिंडून आलें होतें, आणि काम मात्र चोख झालें होतें. घरीं कचेरीचें काम घेऊन बसणारीं आपलीं मुलें गाणें लावून बसलीं म्हणजे आपण रागावतों. तीं काय करीत आहेत हें आधीं पाहावें, इतकें तरी यावरून म्हणतां येईल. पाढे लिहितांना एक न्याय, धडा वाचतांना दुसरा.

पुढचे चार दिवस वाचन यंत्र बंद ठेवून केलें आणि नक्कल गाण्यांबरोबर. गाण्यांच्या नादांत वाचलेलीं पहिल्या तीन दिवसांतलीं पानें मात्र पुन्हां सगळीं ताडून पाहावीं लागलीं. आणखी दोन ठिकाणीं गफलत निघाली, पण तीं चांदण्याइतकीं सुंदर नव्हतीं.

परतीच्या दिवशीं शहाद्याकडे जाणाऱ्या गाडींत पुढच्या बाकावर जागा मिळाली. चालकानें गाडी सुरू करतांच गाणें लावलें, आणि तें बरेंच मोठें होतें. घाटाचें पहिलें वळण समोर येतांच त्यानें हात पुढें करून तें बंद केलें. सगळीं वळणें उतरून गाडी सपाटीला लागल्यावर त्यानें तें पुन्हां लावलें.